तळ्यात उतरलेली माणसं

बेळगाव जिल्ह्यातल्या नंदगडला येणाऱ्या परक्या माणसाला गाव आधी वडाकडे धाडतं. कित्तूरच्या लढ्यातल्या संगोळ्ळी रायण्णांना इंग्रजांनी २६ जानेवारी १८३१ रोजी नंदगडजवळ फाशी दिली. त्यांच्या समाधीपाशी मोठा वड आहे. रायण्णांच्या एका साथीदाराने तो लावला, अशी लोकांची श्रद्धा. मूलबाळ व्हावं म्हणून नवस बोलून लोक तिथे लाकडी पाळणे बांधतात. ओढ्यात अंघोळ करताना, तलवार काठावर असताना, फितुरीने रायण्णांना पकडलं, ही कथा इथे कानडीत आणि मराठीत सारख्याच रागाने सांगितली जाते.

यंदाच्या अंकाचा विषय ‘पाणवठे’ आहे, असं संपादकांनी कळवलं तेव्हा माझ्या डोक्यात वडाऐवजी तळं आलं. खानापूर तालुक्यात गणपती गेले आणि पाऊस थोडा ओसरला की तळ्यांवर कुमुदं फुलतात. कोणी त्यांना कमळं म्हणतं, कोणी तळ्यातली फुलं म्हणून मोकळं होतं. ही फुलं पाहून लोकांना काय काय आठवतं, एवढंच विचारायला मी नंदगड–हलशी भागात फिरलो. बहुतेकांच्या आठवणीत फुलाचं रूप कमी आणि पाण्यात उतरणं जास्त होतं.

कौलांची माती, तळ्याची माती

इथे तळी का टिकतात याचं उत्तर घरांच्या छपरांवर आहे. खानापूरची कौलं आणि मातीची भांडी प्रसिद्ध. खादी ग्रामोद्योगाची कुंभारकाम शिकवणारी केंद्रीय संस्थाही खानापुरातच आहे. कौलाला लागणारी चिकणमाती तळाशी असली की पाणी झिरपून जात नाही. पश्चिमेला कणकुंबीकडे, जिथे मलप्रभा उगम पावते, तिथे पाऊस कोसळतो. नंदगडाकडे येईपर्यंत त्याचा जोर उतरतो, पण भात पिकवण्याइतका तो असतोच. उताराला आडवा बांध घातला, एका टोकाला जादा पाण्यासाठी सांडवा ठेवला आणि खालच्या शेतांसाठी मोरी काढली की तळं झालं. बांधाच्या बाजूला पाणी खोल. समोरच्या बाजूला ते उथळ होत होत भातखाचरात कधी मिसळतं ते कळत नाही. कुमुदं राहतात ती या उथळ बाजूला.

मी पाहिलं ते तळं हलशीच्या रस्त्यावरून थोडं आत आहे. बांधावर करंज आणि जांभूळ, पलीकडे भात. उथळ भागात इतकी पानं होती की पाणी मधूनमधूनच दिसत होतं. त्यावरून एक कमळपक्षी चालत होता. त्याची बोटं लांबलचक असल्याने वजन पसरतं आणि पान बुडत नाही. या पक्ष्यांत मादी अंडी घालून दुसऱ्या नराकडे निघून जाते. अंडी उबवणं आणि पिल्लं सांभाळणं हे नराचं काम. घरटं म्हणजे पानांवर जमवलेला थोडा पाला. तळ्यातली पानं गेली की या पक्ष्याचा संसारही गेला.

सकाळी दहाच्या आत

फुलं पाहायची तर सकाळी दहाच्या आत या, असं मला एका शेतकऱ्याने बजावलं होतं. ते खरं निघालं. या तळ्यात दोन प्रकार एकत्र नांदतात. एकाचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, रात्रभर उघडं राहतं आणि ऊन तापलं की मिटतं. दुसरं किंचित निळसर. ते सकाळी उमलतं आणि दुपारनंतर मिटतं. सकाळच्या त्या थोड्या वेळात दोन्ही उघडी सापडतात. फूल मिटलेलं असलं तरी पानावरून ओळख पटते. रात्री फुलणाऱ्याच्या पानाची कड दातेरी असते आणि पान उलटं करून बोट फिरवलं तर लव लागते. दुसऱ्याचं पान खालून गुळगुळीत.

खऱ्या कमळाचं पान पूर्ण गोल असतं, बहुतेक वेळा पाण्याच्या वर उचललेलं, आणि त्यावर थेंब ठरत नाही. कुमुदाचं पान पाण्यावर पसरतं आणि देठापासून कडेपर्यंत त्याला चीर असते. देवघरातल्या चित्रात लक्ष्मी कमळावर बसते, पण चित्रकार पानं पुष्कळदा कुमुदाची काढतात.

पान पाण्यावर लोळत असल्याने त्याची श्वासरंध्रं वरच्या बाजूला असतात. कंद मात्र काळ्या चिखलात, जिथे प्राणवायू जवळजवळ नसतो. मग कंद जगतो कसा? देठ आडवा कापला की उत्तर दिसतं. आत हवेच्या नळ्याच नळ्या. कुमुदाच्याच कुळातल्या पिवळ्या फुलांच्या एका वनस्पतीवर जॉन डेसी या संशोधकाने काम केलं. त्याने १९८०मध्ये दाखवून दिलं की कोवळी पानं उन्हाने तापली की त्यांच्यात हवेचा दाब वाढतो, ती हवा देठातून खाली कंदापर्यंत ढकलली जाते आणि जुन्या, विरळ झालेल्या पानांतून बाहेर पडते. एका झाडातून दिवसाला २२ लिटरपर्यंत हवा अशी खाली जाते. वरून निवांत दिसणाऱ्या तळ्यात दिवसभर वारा वाहत असतो तो असा.

देठाची माळ

बांधावर म्हशी घेऊन आलेल्या एका आज्जींना मी विचारलं, “आज्जी, लहानपणी ही फुलं तुम्ही तोडायचा का?”

त्या हसल्या. “तोडायचो म्हंजे? पान्यात उतरल्याबगर फूल गावतंय काय? तुमी शेरातली मान्सं कडंला उभारून फोटो काढताय. आमी गळ्याएवढ्या पान्यात जायाचो.”

मग त्यांनी म्हैस हाकणाऱ्या नातवाला आत पाठवलं. फूल उपटायचं असतं ते वरून ओढून नव्हे. पायाच्या बोटांनी देठ चाचपत खाली जायचं आणि बुडाशी पीळ द्यायचा. पोराने हातभर लांब देठाचं फूल आणलं. आज्जींनी देठ फुलापाशी धरला आणि बोटभर अंतरावर कट्कन मोडला, पण पूर्ण नाही. एका बाजूची साल तशीच ठेवून तुकडा खाली सोलत नेला. पुढचा तुकडा उलट्या बाजूला मोडला. एकदा इकडे, एकदा तिकडे, असं करत देठ संपला तेव्हा हातात सालीच्या दोन सरी होत्या. दोन्हींवर हिरवे मणी लटकलेले आणि मधोमध फूल. दोन टोकांना गाठ मारून त्यांनी ती माळ नातवाच्या गळ्यात घातली. त्याने लाजून लगेच काढली. सगळ्याला दोन मिनिटंही लागली नसतील.

“ह्येच आमचं सोनं,” त्या म्हणाल्या. “घरी जाईपतोर सुकायचं. मग आई वरडायची, तळ्यात गेलीस म्हनून.”

ओरडण्याला कारण होतं. तळ्यात जळवा असतात आणि देठांचं जाळं पायात गुंतलं की पोहणारासुद्धा घाबरतो. दर तळ्याला कोणीतरी बुडाल्याची एक गोष्ट असते आणि ती मुलांना सांगितली जाते ती फुलांसकट. खोल पाण्यातलं फूल आपणहून बोलावतं, हा त्या गोष्टींतला ठरलेला भाग. ‘तळ्यात-मळ्यात’ आपण सगळे अंगणात खेळलो, पण इथली पोरं ते खऱ्या तळ्याच्या काठावर खेळायची, आणि ‘तळ्यात’ म्हटल्यावर खरोखर उडी पडायची, असं एका निवृत्त मास्तरांनी सांगितलं. त्यांच्या वर्गात निम्मी मुलं घरी मराठी बोलणारी, निम्मी कानडी. तळ्यावर मात्र सगळ्यांची भाषा एकच, आरडाओरड्याची.

आठवणींत पोटाचा भागही आहे. दुष्काळात कुमुदाचे कंद उकडून खाल्ल्याच्या गोष्टी अनेक मुलखांत ऐकू येतात. बंगालमध्ये कुमुदाच्या देठांची भाजी आजही नेहमीची आहे. आपण उपासाला जे मखाणे भाजतो, तेही याच कुळातल्या एका काटेरी पाणवनस्पतीचं बी. ते येतं मुख्यतः बिहारच्या मिथिला भागातल्या तळ्यांतून, आणि ते गोळा करणारी माणसंही पाण्यात बुड्या मारून तळाच्या चिखलातून ते काढतात.

भुंगा का अडकतो

जुन्या कवींनी कमळ सूर्याला दिलं आणि कुमुद चंद्राला. ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात, जागा न सोडता चंद्राला भेटणारी कुमुदिनी आहे. श्रोत्याने कसं ऐकावं हे सांगताना ज्ञानेश्वरांना ती आठवली. रात्री उमलणारं पांढरं कुमुद पाहिलं की ही केवळ कल्पना नव्हती हे पटतं. ज्याने हे पहिल्यांदा टिपलं तो रात्री तळ्यावर गेला असला पाहिजे.

संध्याकाळी मिटलेल्या कमळात अडकलेला भुंगा तर आपल्याकडे शाळेपासून भेटतो. कुमुदात जे घडतं ते याहून कठोर आहे. अनेक जातींत फूल पहिल्या दिवशी मादी असतं. मधल्या वाटीत पातळ रस साठलेला असतो. दुसऱ्या फुलावरून परागकण अंगावर घेऊन आलेली माशी त्या वाटीत घसरते, अंगावरचे परागकण रसात धुतले जातात आणि बी धरण्याची सोय होते. काही माश्या निसटतात, काही त्याच रसात बुडून मरतात. दुसऱ्या दिवसापासून रस आटतो, पुंकेसर उघडतात आणि तेच फूल आता पराग वाटू लागतं. तीन-चार दिवसांनी सारं आटोपलं की देठ स्प्रिंगसारखा वळत जातो आणि फळाला पाण्याखाली ओढून नेतो. बी तिथे पिकतं, थोडे दिवस तरंगतं आणि मग चिखलात बसतं.

आज्जींना हे रसाचं प्रकरण ठाऊक नव्हतं. पण “पैल्या दिवसाच्या फुलात माशी मरून पडती” हे त्यांनी आपणहून सांगितलं. देवाला वाहायला म्हणून त्या फूल आधी झटकून घेत.

दगडातली कमळं

नंदगडहून हलशी जवळ. कदंबांची ही जुनी राजधानी, ताम्रपटांतली पलाशिका. इथलं भूवराह नरसिंह मंदिर बाराव्या शतकातलं, गोव्याच्या कदंबांच्या काळातलं. त्याच घराण्यातल्या शिवचित्त पेर्माडीची राणी कमलादेवी. तिच्या नावाने कित्तूरजवळ देगावला कमलनारायणाचं देऊळ उभं राहिलं, तेही बाराव्या शतकात. तिप्पोज नावाच्या शिल्पीने ते घडवलं. एका ओळीत तीन गाभारे आणि वर पाहिलं तर छतातून खाली उमललेली कमळं. राणीचं नाव, देवाचं नाव आणि छतावरचं फूल, तिन्हीकडे कमळच.

देवळातल्या फुलाला मुळं नसतात. ते पवित्र असतं, स्वच्छ असतं, आणि त्याच्याखाली चिखल दाखवायची गरज शिल्पीला पडत नाही. चिखलात राहून निर्लेप, हे आपलं लाडकं सुभाषित त्यातूनच आलं असावं. खालच्या तळ्यावर मात्र गणित उलटं. चिखल हीच फुलाची पुंजी. गाळ जितका सुपीक तितकी फुलं दाट. निर्लेप राहण्याचं कौतुक त्यांनी करावं ज्यांना गाळ उपसावा लागत नाही.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी बेळगावच्या बाजारात कमळाच्या कळ्या विकायला येतात. घेणारा एकच घेतो, कारण तिजोरीपुढे एक पुरते. फुलवाला कळी दोन्ही तळव्यांत धरून बाहेरच्या पाकळ्या एकेक मागे दुमडून देतो. कोणी खऱ्या कमळाच्या जागी कुमुद ठेवलं तर घेणाऱ्याला फरक कळत नाही. संध्याकाळपर्यंत ते मिटलं, तर आपलंच काही चुकलं असेल म्हणून घरची बाई हळहळते.

फ्रान्समधल्या शेजाऱ्यांची हरकत

कुमुदांवरून जगात सर्वाधिक गाजलेला माणूस म्हणजे चित्रकार क्लोद मोने. फ्रान्समधल्या झिव्हर्नी गावी त्याने १८९३मध्ये ओढ्यालगतची जमीन घेतली आणि तळं करण्यासाठी पाणी वळवायची परवानगी मागितली. गावकऱ्यांनी हरकत घेतली. परक्या झाडांनी पाणी नासेल, गुरं कुठे पाजायची, हा त्यांचा सवाल. मोने चिडला, पण अखेर परवानगी मिळाली. पुढे त्याने या एका तळ्याची सुमारे अडीचशे चित्रं काढली. मोतीबिंदूने दृष्टी अधू झाली तरी तो थांबला नाही. १९२६मध्ये तो गेला आणि पुढच्या वर्षी पॅरिसच्या ओरांजरी संग्रहालयात, दोन लंबगोल दालनांत, त्यांतली भिंतभर चित्रं लोकांना खुली झाली.

त्या चित्रांत माणूस नाही. नुसतं पाणी, पानं आणि आभाळ. पण तळ्यासाठी मोनेने खास माळी नेमला होता. तो रोज होडीतून फिरून मेलेली पानं काढायचा आणि धूळ बसलेली पानं धुवायचा. जगभर गेलेल्या त्या शांततेमागे एक माणूस रोज पाण्यात होता. आणि ज्या गावकऱ्यांना चित्रकलेचे शत्रू म्हणून हसलं जातं, त्यांचा प्रश्न नंदगडच्या कोणत्याही शेतकऱ्याने विचारला असता: गुरं कुठे पाजायची?

नळ आला, मग केंदाळ

आता गोष्ट बिघडते कशी ते पाहू. पूर्वी वैशाखात तळं निम्मं आटलं की बैलगाड्या आत उतरत. ज्याला हवा त्याने गाळ न्यावा, शेतात टाकावा. प्रत्येकजण आपल्या गरजेपुरता उकरी, त्यामुळे एक कोपरा खरवडला जाई, दुसरा तसाच राही. शिल्लक कोपऱ्यात कंद आणि बिया तग धरत आणि पहिल्या पावसाने पुन्हा पसरत. म्हशी डुंबत, त्यांच्या खुरांनी दाट झालेली पानं फाटत आणि पाण्याला वाट होई. पोरं फुलं ओढत. बायका धुणं धूत. असं चारी बाजूंनी तळं वापरात असे.

मग घरात नळ आला, शेतात रासायनिक खत आलं आणि बैल गेले. गाळ न्यायला कोणी येईना. तळ्याकडे यायची वाट राहिली ती सांडपाण्याला. साबणाचं आणि गटाराचं पाणी मिळालं की जलपर्णी फोफावते. आमच्याकडे निपाणी-कोल्हापूर भागात तिला केंदाळ म्हणतात. मूळची दक्षिण अमेरिकेतली, शोभेचं झाड म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बंगालमध्ये आलेली. अनुकूल पाणी मिळालं तर पंधरवड्यात दुप्पट होते. कुमुद तळाशी रुजलेलं असतं, ते स्वतःच्या जागेपुरतं पसरतं. केंदाळ तरंगतं, वारा नेईल तिकडे जातं आणि वरून ऊन अडवतं. खालचं कुमुद मग गुदमरतं.

यावर उपाय म्हणून येतं सुशोभीकरण. जेसीबी तळाचा सगळा गाळ एका आठवड्यात खरवडतो, कंदांसकट. काठाला दगडी भिंत उभी राहते, वर फरशी, बाक आणि दिवे. पाणी सगळीकडे सारखंच खोल. कुमुदाला फूट-दोन फूट पाण्यापासून फार तर दीड-दोन मीटरपर्यंतच नीट रुजता येतं. उथळ उतार गेला की त्याला जागाच उरत नाही. म्हशींना उतरायला वाट नसते, पोरांना मनाई असते. तळं सुंदर दिसतं आणि कोणाचंच नसतं.

अर्जुनी मोरगावच्या बायका

हे उलटं फिरवता येतं का? महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, भंडारा-गोंदियात, कोहळी समाजाने शतकांपूर्वी बांधलेली, ‘माजी मालगुजारी’ म्हणून ओळखली जाणारी तळी आहेत. तिथे मासेमारी करणारा ढीवर समाज या पाण्यावर जगतो. तळ्यांत बेशरम ही उपद्रवी वनस्पती माजली, पाणवनस्पती गेल्या आणि त्यांच्या पाठोपाठ देशी मासे घटले. मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने अर्जुनी मोरगाव भागात ढीवरांच्याच माहितीवर विसंबून काम उभं केलं. कोणती वनस्पती कुठल्या माशाला अंडी घालायला लागते, हे म्हाताऱ्या मच्छीमारांना पाठ होतं. बेशरम मुळासकट काढली. कोरड्या पडलेल्या तळाची नांगरट केली. पावसाच्या तोंडावर दुसऱ्या तळ्यांतून आणलेल्या देशी पाणवनस्पती ठराविक तुकड्यांत लावल्या. यात बायका पुढे होत्या आणि त्या गुडघाभर चिखलात उतरून लावणी करत होत्या. वनस्पती परतल्या, मासेही परतले.

तिथे फुलं सुंदर दिसावीत म्हणून कोणी हे केलं नव्हतं. मासा हवा होता, फुलं त्याच्याबरोबर आली. मला वाटतं, तळी वाचवण्याचा हाच एक टिकाऊ मार्ग आहे. ज्या तळ्यातून गावाला काही मिळतं, गाळ, मासे, चारा, म्हशीचं डुंबणं, पोरांची माळ, ते तळं गाव राखतं. नुसतं पाहण्यासाठी ठेवलेलं तळं ठेकेदाराच्या हाती जातं.

तुमच्या गावच्या तळ्यासाठी निधी मंजूर झाला असेल, तर ग्रामसभेत तीन गोष्टी विचारा. एक, काठाची निदान एक बाजू उतरती आणि मातीची राहणार का? दोन, गाळ एकदम न काढता टप्प्याटप्प्याने, कंद असलेला कोपरा सोडून काढणार का? तीन, गटाराचं पाणी आधी दुसरीकडे वळवणार का? या तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर घ्या. आणि पावसाळ्याची वाट पाहू नका. यंत्र तळ्यात उतरल्यावर विचारून काही उपयोग होत नाही.